समुद्रातील कुपा आणि शेततळ्यातील कटला : माशांच्या गुणसूत्रांचा हिशेब

देवळाली कॅम्पच्या बाजारात मुंबईकडील बंदरांतून बर्फात घालून आणलेली समुद्राची मासळी विक्रीस येते. तीत बांगडा असतो, सुरमई असते आणि हंगामात कुपाही असतो. कुपा म्हणजेच ज्याला परदेशांत ट्यूना म्हणतात तो मासा. त्याच बाजारात धरणांच्या व शेततळ्यांच्या पाण्यात वाढलेले कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हे गोड्या पाण्यातील मासेही विकले जातात. गिऱ्हाईक मासा पारखते ते त्याच्या डोळ्यांवरून, कल्ल्यांच्या लालीवरून आणि अंगाच्या घट्टपणावरून. एवढी पारख गिऱ्हाइकाला पुरेशी आहे. परंतु मत्स्यबीज विकत घेऊन ते आपल्या शेततळ्यात सोडणाऱ्या शेतकऱ्यास ती पुरत नाही. त्याने घेतलेले बोटभर लांबीचे पिल्लू खरोखर कटल्याचे आहे, रोहूचे आहे, की दोहोंच्या मिश्रणाचे आहे, हे त्याला दहाबारा महिन्यांनंतर जाळे ओढल्यावरच कळते. तोपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो.

ही फसगत कशी होते आणि ती कशी टाळावी, हे समजण्यासाठी माशांच्या गुणसूत्रांची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे. हा विषय वाटतो तितका अवघड नाही. समुद्रातील कुप्यापासून आरंभ केला तर तो सहज उलगडतो.

गुणसूत्र म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते व त्यात धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. पेशी दुभंगून एकीच्या दोन होत असताना हे धागे आखडून जाड होतात आणि रंग दिल्यास सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसतात. प्रत्येक गुणसूत्रात डीएनए या द्रव्याचा एक अतिशय लांब रेणू गुंडाळलेला असतो. त्याची रचना पीळ दिलेल्या शिडीसारखी आहे, हे १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी दाखवून दिले. रोझालिंड फ्रँकलिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने घेतलेल्या छायाचित्रांचा त्या कामी मोठा उपयोग झाला. या शिडीच्या पायऱ्या चार प्रकारच्या घटकांच्या असतात. या चार घटकांना आपण चार अक्षरे समजू. अंगाची ठेवण, वाढीचा वेग, रोगाला तोंड देण्याची शक्ती यांविषयीच्या सूचना याच अक्षरांत लिहिलेल्या असतात.

गुणसूत्रे जोडीने असतात. जोडीतील एक आईकडून येते व दुसरे बापाकडून. अंडे व शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडी प्रथम एकमेकींशेजारी येते आणि मग विलग होते. म्हणून अंड्यात निम्मी व शुक्रपेशीत निम्मी गुणसूत्रे जातात. फलन झाल्यावर दोन्ही निम्मे मिळून पुन्हा पूर्ण संख्या होते. हा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

कुप्याच्या कुळाचा हिशेब

कुपा, बांगडा व सुरमई हे दिसण्यात वेगळे असले तरी एकाच कुळातील आहेत. बांगडा वीतभर लांबीचा, तर निळ्या पराचा मोठा ट्यूना दोनशे किलोग्रॅमहूनही जड होऊ शकतो. ट्यूना गटातील ज्या जातींची गुणसूत्रे मोजली गेली, त्यांत ती ४८, म्हणजे २४ जोड्या, आढळली. प्रत्येक गुणसूत्रावर एके ठिकाणी आवळलेला भाग असतो. कुप्याच्या बहुतेक गुणसूत्रांत हा भाग टोकाजवळ असल्याने ती एकाच भुजेच्या काडीसारखी दिसतात. समुद्रातील इतर अनेक काटेरी पराच्या माशांतही ४८ हीच संख्या व हीच काडीसारखी ठेवण सापडते. ही फार जुनी ठेवण असून तिच्यात लक्षावधी वर्षांत थोडाच फरक पडला, असे शास्त्रज्ञ मानतात.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. संख्या सारखीच असेल तर निरनिराळ्या जातींचे कुपे एकमेकांपासून वेगळे कसे? याचे उत्तर असे की, संख्या म्हणजे केवळ पोथ्यांची मोजणी होय. पोथ्यांतील मजकूर निराळा असू शकतो. आपल्या शेतातील बटाट्यातही गुणसूत्रे ४८ असतात, म्हणून बटाटा व कुपा यांचे काही नाते ठरत नाही. माणसाचीही गुणसूत्रे ४८ आहेत असे अनेक वर्षे समजले जात होते. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या त्यो व लेव्हान या दोघा शास्त्रज्ञांनी १९५६ साली चांगल्या पद्धतीने मोजणी केली, तेव्हा ती ४६ असल्याचे निश्चित झाले.

मजकूर वाचण्याची साधने पुढे उपलब्ध झाली. जपानमधील शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागरातील निळ्या पराच्या ट्यूनाचा डीएनए वाचून २०१३ साली प्रसिद्ध केला. निळा व हिरवा प्रकाश ओळखणाऱ्या त्याच्या जनुकांत विशेष बदल झालेले आढळले. खोल समुद्राच्या निळसर उजेडात भक्ष्य हेरणाऱ्या माशास असे डोळे उपयोगी पडावेत, हे साहजिकच आहे. त्याआधी २००२ साली जपानच्या किंकी विद्यापीठाने या माशाचे अंड्यापासून अंड्यापर्यंतचे संपूर्ण चक्र बंदिस्त पाण्यात पूर्ण करून दाखविले होते. अशा ठिकाणी अनेक नर व माद्या एकत्र वीण करीत असल्याने कोणते पिल्लू कोणाचे हे नजरेने ठरविता येत नाही. ते डीएनए तपासूनच ठरवावे लागते.

साठा मोठा म्हणून प्राणी मोठा नव्हे

कुप्याच्या एका संचातील डीएनएचे वजन सुमारे एक पिकोग्रॅम किंवा त्याहून काहीसे कमी भरते. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे पिकोग्रॅम होय. अक्षरांत सांगावयाचे तर हा मजकूर सुमारे ८० कोटी अक्षरांचा आहे. माणसाचा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असतो.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याच्या ओळखीचे पीक घेऊ. कांद्याची गुणसूत्रे अवघी १६ असतात, परंतु त्यांतील डीएनएचा साठा सुमारे १,६०० कोटी अक्षरांचा, म्हणजे कुप्याच्या वीसपट व माणसाच्या पाचपट असतो. ऑस्ट्रेलियातील फुप्फुसमासा तर याही पुढे गेला आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वाचनात त्याचा साठा सुमारे ४,३०० कोटी अक्षरांचा भरला. कांदा माणसाहून पाचपट गुंतागुंतीचा आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच्या साठ्यात तोच तो मजकूर पुनःपुन्हा लिहिलेला असतो, इतकेच.

कांद्याची गुणसूत्रे थोडी व जाड असल्याने ती पाहण्यास सर्वांत सोपी. गावातील माध्यमिक शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवून फुटलेल्या मुळ्यांची टोके विज्ञानाच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली रंग देऊन पाहता येतात. माशांची गुणसूत्रे लहान असल्याने त्यांना अधिक खटपट लागते. जिवंत माशास कोल्चिसिन हे द्रव्य टोचून पेशींचे विभाजन नेमक्या टप्प्यावर थांबवितात आणि मग मूत्रपिंडाच्या अथवा कल्ल्याच्या पेशी घेऊन त्यांना रंग देतात. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते. ते अत्यंत विषारी असल्याने घरी त्याचा प्रयोग कोणीही करू नये.

गोड्या पाण्यातील मासे

आता समुद्रावरून आपण शेततळ्याकडे वळू. कटला, रोहू व मृगळ या तिन्ही माशांची गुणसूत्रे ५० आहेत. गवत्या व चंदेरा या मूळच्या चिनी माशांची ४८ आहेत. सायप्रिनसची मात्र १०० आहेत. सायप्रिनसच्या पूर्वजांत सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी दोन निरनिराळ्या माशांचे संच एकत्र येऊन संख्या दुप्पट झाली, असे त्याच्या डीएनएवरून दिसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या वाचनात त्याच्या साठ्याचा अंदाज १७० कोटी अक्षरांच्या आसपास होता, म्हणजे कुप्याच्या दुपटीहून अधिक.

या आकड्यांचा शेतकऱ्याशी संबंध असा येतो. रोहूच्या मादीकडून २५ व कटल्याच्या नराकडून २५ गुणसूत्रे आली, तर पिल्लात ५० होतात. दोन्ही संचांची ठेवण पुष्कळशी सारखी असल्याने त्यांच्या जोड्या जुळतात. असे संकरित पिल्लू जगते, मोठे होते आणि पुढे स्वतःही वीण करू शकते. सायप्रिनसची मादी व रोहूचा नर यांचा संकर केल्यास ५० व २५ मिळून ७५ गुणसूत्रे होतात. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत. असे संकरित मासे वांझ आढळले आहेत.

तेव्हा संख्या सारखी असणे हा एक प्रकारे उघडा दरवाजाच होय. तथापि संख्या वेगळी म्हणजे दरवाजा सर्वस्वी बंद, असेही समजू नये. थायलंडमध्ये ५४ गुणसूत्रांचा स्थानिक मागूर व ५६ गुणसूत्रांचा आफ्रिकी मागूर यांचा ५५ गुणसूत्रांचा संकर मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. याच आफ्रिकी माशास आपल्याकडे थाई मागूर म्हणतात. तो अतिशय खादाड असून स्थानिक माशांना घातक आहे. त्याच्या पालनावर भारत सरकारने २००० साली बंदी घातली. म्हणून कोणी कितीही आमिष दाखविले तरी त्याचे बीज घेऊ नये.

नदीने राखलेली शुद्धता आणि हौदातील भेसळ

पूर्वी कटला, रोहू, मृगळ यांचे बीज नद्यांतूनच गोळा करीत असत. साचलेल्या पाण्यात हे मासे अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजेच त्यांची वीण होते. नदीतून गोळा केलेल्या बीजात नको असलेल्या जातींची पिल्लेही येत आणि ती वेचून काढणे जिकिरीचे असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण बंदिस्त पाण्यात घडवून आणली. भारतीय मत्स्यपालनातील ही फार मोठी क्रांती होय. म्हणूनच १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

या शोधामुळे बीज मुबलक झाले, परंतु एक नवी जबाबदारीही आली. नदीत या तीन जातींचा संकर क्वचितच होतो. बीज केंद्रातील हौदात मात्र तिन्ही जातींचे नर व माद्या एकाच वेळी टोचून एकत्र सोडल्या, तर एका जातीची अंडी दुसऱ्या जातीच्या नराकडून फळतात. जागा व वेळ वाचविण्यासाठी काही ठिकाणी असे केले जाते. भारतातील व बांगलादेशातील बीज केंद्रांच्या तपासणीत असे मिश्र मासे आढळून आले आहेत. ते वांझ नसल्यामुळे पुढच्या वर्षी त्यांतीलच काही प्रजनक म्हणून वापरले गेले, तर भेसळ पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. उसात शिरलेली काणी उपटून टाकता येते, परंतु रक्तात शिरलेली भेसळ उपटून टाकता येत नाही.

मग मिश्र मासा वाढला तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. कटला व रोहूचा संकर डोक्याने लहान व मांसाने भरलेला असतो, हे खरे आहे. परंतु मिश्र मत्स्यपालनाची सर्व योजना जातींच्या निरनिराळ्या सवयींवर उभी असते. कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही जाती ४ : ३ : ३ अशा प्रमाणात सोडाव्यात असे सांगतात. समजा, एका शेतकऱ्याने १,००० बोटुकली आणली. त्यांत ४०० कटला, ३०० रोहू व ३०० मृगळ असल्याचे त्यास सांगितले गेले. प्रत्यक्षात ४०० पैकी बरीचशी मिश्र असली, तर ती वरच्या थराचे अन्न पुरते खाणार नाहीत आणि मधल्या थरात रोहूशी स्पर्धा करतील. कटल्याइतकी तर ती वाढणारच नाहीत. खाद्याचा व पाण्याचा खर्च तोच राहील, उत्पन्न मात्र घटेल.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली राज्यात सुरू झाली. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांना उन्हाळ्यात पाणी पुरविण्यासाठी प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी ठिकठिकाणी दिसतात. दारणेच्या खोऱ्यातही, देवळालीच्या आसपास, बागाईत शेती पुष्कळ आहे. बागेसाठी साठविलेल्या पाण्यात मासे सोडले तर त्याच पाण्याचे दुसरे उत्पन्न मिळते. परंतु हे पाणी बागेला लागल्यावर तळे रिकामे होते आणि मासळी ठराविक मुदतीत काढावी लागते. वाढीस उशीर करणाऱ्या माशास थांबण्याची सवड तेथे नसते. म्हणून शुद्ध बीजाचे महत्त्व शेततळ्यात अधिकच आहे.

तीन संचांचा मासा

संकराचा व संचांचा उपयोग समजून उमजून केल्यास हितही साधते. फलनानंतर थोड्याच वेळात अंड्यांना ठराविक उष्णतेचा, थंडीचा किंवा दाबाचा धक्का दिला, तर पिल्लात दोनऐवजी तीन संच राहतात. तीन संचांच्या जोड्या लागू शकत नाहीत, म्हणून असा मासा वांझ होतो. अमेरिकेत पाणवनस्पतींचा नाश करण्यासाठी असे तीन संचांचे गवत्या मासे १९८० नंतरच्या दशकात वापरात आले. ते तण खातात, परंतु नदीत निसटले तरी त्यांची वीण होत नाही.

ही गोष्ट शेतकऱ्यास अपरिचित नाही. खानदेशातील बसराई केळीत ११ चे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. म्हणूनच तिला बी धरत नाही व लागवड मुनव्यांनी करावी लागते. आपल्या बिनबियांच्या द्राक्षाचे कारण मात्र वेगळे आहे. त्यात संच दोनच असून बी धरल्यावर ते कोवळेपणीच खुंटते.

जातीत संकर न करता निवडीने सुधारणा करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. भुवनेश्वरजवळील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने १९९२ साली रोहूच्या निवडीचे काम हाती घेतले. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज व गोमती या नद्यांतील आणि संस्थेच्या तळ्यातील रोहू एकत्र करून, वेगाने वाढणारे प्रजनक दर पिढीस निवडले गेले. त्यातून ‘जयंती’ रोहू तयार झाला. त्याच्या वाढीत दर पिढीस सुमारे १७ टक्के सुधारणा झाली. ही सुधारणा टिकवावयाची, तर असा रोहू दुसऱ्या जातीशी मिसळू न देणे हाच उपाय आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. बीज घेण्यापूर्वी ते कोणत्या केंद्रातील आहे व तेथे प्रत्येक जातीची वीण स्वतंत्र हौदात होते काय, हे विचारावे. शक्यतो केंद्रास स्वतः भेट द्यावी.

२. जिरे किंवा अगदी लहान पिल्ले घेण्यापेक्षा बोटुकली घ्यावीत. कटल्याचे डोके मोठे व तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. रोहूच्या ओठांना झालर असते. मृगळ सडपातळ असतो. सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या व पाठीवर लांब पर असतो. ज्यांत दोन जातींची लक्षणे मिसळलेली दिसतील ती पिल्ले घेऊ नयेत.

३. प्रत्येक जात वेगळ्या पिशवीत मोजून घ्यावी व पावतीवर जातवार संख्या लिहून घ्यावी.

४. आपल्या तळ्यातील खात्री नसलेले मासे प्रजनक म्हणून कोणाही केंद्रास देऊ नयेत. उरलेले बीज दारणेत, गोदावरीत अथवा ओढ्यात सोडू नये. नदीतील शुद्ध मासे हीच आपली पुढील काळाची बेगमी आहे.

५. मोठ्या प्रमाणावर शंका आल्यास संशयित माशांच्या पराचे लहान तुकडे कडक अल्कोहोलमध्ये बुडवून, जात, तारीख व केंद्राचे नाव लिहून ठेवावेत आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा. पराच्या एवढ्याशा तुकड्यावरूनही डीएनएची तपासणी होऊ शकते. मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि लखनौचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो या विषयात काम करणाऱ्या संस्था आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या भागातील शेततळ्यांची यादी करून, चारदोन शेतकऱ्यांनी मिळून एकाच खात्रीच्या केंद्रातून बीज आणावे, असा प्रयत्न करावा. एकट्या शेतकऱ्याच्या प्रश्नास केंद्रचालक उत्तर टाळू शकतो, परंतु दहा शेतकऱ्यांच्या मागणीस त्याला मान द्यावा लागतो. बियाण्याची पिशवी घेताना आपण वाण विचारतो आणि कालवड घेताना तिची आई पाहतो. तोच चोखंदळपणा मत्स्यबीजाच्या बाबतीतही दाखविला पाहिजे. कुप्याची ४८ आणि कटल्याची ५० गुणसूत्रे ही निसर्गाने फार काळ जपलेली ठेव आहे. कुप्याची ठेव समुद्र सांभाळतो. शेततळ्यातील कटल्याची ठेव मात्र आपणच सांभाळावयाची आहे.